बेचाळीस सेकंदांचा पहारा

१

अमृतरावांच्या घरात साडेसात म्हणजे साडेसात. सात एकोणतीसला टीव्ही लावलेला त्यांना चालत नसे, आणि सात एकतीसला तर मुळीच नाही. अहमदपूरच्या बसस्थानकात अठरा वर्षं खिडकीत बसून गाड्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिलेला माणूस. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी मनगटावरचं किल्लीचं घड्याळ उतरलं नव्हतं. दूधवाला किती वाजता आला, समोरची पंचशीला सिस्टर ड्युटीवर किती वाजता गेली, कुकरच्या दोन शिट्ट्यांत किती अंतर पडलं, सगळं त्यांना ठाऊक. कोणी विचारत नसे, तरी ते सांगत.

साडेसातला लागायची ती मालिका अंतराळातली होती. तीनशे वर्षांनंतरचं जग, शनीजवळ फिरणारा एक तुरुंग आणि त्यात फाशीची शिक्षा झालेला एक खुनी, कैदी नंबर एकोणीस. त्यानं एका यानातली हवा बंद करून अकरा माणसं मारली होती. अमृतरावांना या यानाबिनात काडीचा रस नव्हता. पण कैदी नंबर एकोणीस हा त्यांचा एकुलता एक मुलगा होता, दयानंद.

दहा वर्षं त्यानं मुंबईत चपला झिजवल्या. कधी हवालदार झाला, कधी वेटर, एकदा तर नुसतं प्रेत. आता कुठं त्याचं तोंड गावाला दिसायला लागलं होतं. त्याची बायको पुनम जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, म्हणून ती इथंच सासू-सासऱ्यांजवळ राहायची. रोज साडेसातला तिघं ओळीनं बसत. चौकात जुना ड्रायव्हर शरणप्पा मुद्दाम मोठ्यानं विचारी, "काय ओ साहेब, पोरगं कवा लटकून राहिलंय?" अमृतराव वरून चिडत आणि आतून सुखावत.

२

कावेरीबाई मात्र ती मालिका वेगळ्याच कारणासाठी बघत होत्या.

त्या घराण्यात पुरुष चाळिशी बघत नसत. अमृतरावांचे वडील छत्तिसाव्या वर्षी शेतातच आडवे झाले. थोरला भाऊ एकोणचाळिसाव्या वर्षी गेला, मधला अडतिसाव्या. तिघांच्या छातीत एकच कळ आली आणि खेळ खलास. उरले फक्त अमृतराव, आणि ते का उरले हे कावेरीबाईंना पक्कं ठाऊक होतं.

भूकंप झाला त्या रात्री अमृतराव कंडक्टर म्हणून मुक्कामी गाडी घेऊन औश्याच्या पलीकडं गेले होते. सकाळी बातमी आली, गाव जमीनदोस्त. दोन दिवस घरात रडारड चालली. तिसऱ्या दिवशी हा माणूस धुळीनं माखलेला, खांद्याला तिकिटांची पेटी अडकवून दारात उभा! गाडीतच झोपले म्हणून वाचले होते. तेव्हा अमृतरावांची थोरली बहीण साखराबाई म्हणाली होती, "मेल्याची आवई उठली बग. आता ह्याला मरण न्हाई." ते वाक्य कावेरीबाईंनी तीस वर्षं पदराला बांधून ठेवलं होतं.

दयानंदला आता एकोणचाळिसावं लागणार होतं.

"मालिकेत फाशी होऊ दे त्याला," त्या म्हणायच्या. "चांगली धडधडीत होऊ दे. लोकायला वाटलं पायजे, मेलाच."

"नाटकातलं मरण लागत नसतंय," अमृतराव म्हणत. "नाहीतर नट लोकं शंभर शंभर वर्षं जगले असते."

३

फाशीच्या भागाच्या दिवशी दुपारीच दयानंदचा फोन आला. "माय, आज रडू नको बरं का. पट्ट्याला बांधून लटकावलं होतं मला. गळ्याला काहीच नव्हतं."

अंतराळात कशालाच वजन नाही, मग फाशी द्यायची कशी? मालिकावाल्यांनी त्यावर तोड काढली होती. एक गोल, पांढरी खोली. मधोमध कैदी तरंगतोय, गळ्यात दोर, दोराचं दुसरं टोक छताला. बाहेर अधिकारी एक चकती फिरवतो आणि खोलीत हळूहळू वजन चढायला लागतं. भिंतीवरचा काटा हिरव्याकडून लालकडे सरकतो. आधी कैद्याचे पाय खाली येतात, मग दोर ताणतो. काटा लालवर टेकला की संपलं.

अमृतरावांनी सवयीनं घड्याळ बघितलं. बेचाळीस सेकंद.

कावेरीबाईंनी तेवढा तुकडा टीव्हीसमोर मोबाइल धरून टिपून घेतला. त्यात टीव्हीखालचं टेबल दिसत होतं, बांगड्यांचा आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता त्या एसटीत बसल्या, नांदेडला गाडी बदलली आणि इस्लापूर गाठलं. साखराबाई तिथं मुलाकडे राहत. वय ऐंशीच्या पुढं, नजर अधू. दयानंदला लहानपणी दोन वर्षं त्यांनीच सांभाळलेलं. कावेरीबाई त्यांच्या पुढ्यात बसल्या, तोंडातून अवाक्षर न काढता मोबाइल त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

"दया हाय का गं ह्यो?" म्हातारीनं विचारलं. मग काटा लालवर गेला आणि तिनं असा हंबरडा फोडला की गल्ली गोळा झाली. छाती पिटून घेतली. कुणीतरी पाणी तापवलं आणि म्हातारीनं सुतकाची अंघोळ केली. कावेरीबाई शेजारी बसून पदर डोळ्याला लावत राहिल्या. नाटक आहे हे त्यांनी सांगितलं नाही ते नाहीच. संध्याकाळच्या गाडीनं परत आल्या, तेव्हा चेहरा कसा नवस फेडून आल्यासारखा होता.

अमृतराव भडकले. "म्हातारीला मारतीस काय? आन् ठरवून उठवलेली आवई म्हंजी नुसतं खोटं बोलणं झालं!"

"तुमच्या-माझ्यासाठी खोटं. तिच्यासाठी तर खरंच हाय न्हवं?"

अमृतरावांनी घड्याळाला किल्ली द्यायला घेतली.

४

पंधरवड्यात मालिका बंद पडली. जाहिराती मिळेनात म्हणे. तिचं नावनिशाण उरलं नाही, उरला तो कावेरीबाईंच्या मोबाइलमधला तुकडा. रोज दिवा लावला की त्या तो एकदा बघत. दिवा, उदबत्ती आणि पोराची फाशी. पुनम त्या वेळी स्वयंपाकघरात निघून जायची.

एका संध्याकाळी अमृतरावांची नजर सहज घड्याळाकडे गेली. अठ्ठावन्न सेकंद.

त्यांनी मोबाइल हातात घेतला. खाली स्वच्छ लिहिलेलं होतं, शून्य बेचाळीस. पुन्हा लावला. या वेळी एक मिनिट अकरा. मोबाइलवरचे आकडे आपले इमानदारीत एकेक पुढं जात होते, फक्त प्रत्येक सेकंद जरा रेंगाळत होता. आळशी कारकुनासारखा.

घड्याळ बिघडलं असेल म्हणून त्यांनी ते बातम्यांच्या वेळेशी ताडून पाहिलं. तंतोतंत. मग मोबाइल जुना झालाय, हँग होतोय, असं ठरवलं. पुनमच्या नव्या मोबाइलवर तो तुकडा घेतला आणि तिच्याकडून लावून घेतला. एक मिनिट चाळीस.

"आबा," पुनम हळूच म्हणाली, "ह्यांचे डोळे आधी मिटलेले होते ना?"

होते. पहिल्या दिवशी कैदी सुरुवातीपासून डोळे मिटून तरंगत होता, अमृतरावांना पक्कं आठवत होतं. आता उघडे होते. मोबाइल हँग झाला तर चित्र अडकतं, मान्य. पण मिटलेले डोळे कसे उघडतील? त्यांनी बराच वेळ डोकं चालवलं आणि शेवटी आपणच पहिल्यांदा नीट बघितलं नसेल, असं म्हणून सोडून दिलं.

रात्री दयानंदशी बोलणं झालं. आवाज बसलेला.

"काही न्हाई आबा, मान आखडलीय. रोज संध्याकाळीच धरती. सातच्या पुढं."

अमृतरावांनी त्याला काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? पोरगं हसलं असतं. पुढं आयुष्यभर त्यांना स्वतःचा राग आला तो या एका गोष्टीसाठी.

५

वाढदिवसाला दयानंद घरी आला. वजन घटलेलं, गळ्याभोवती मफलर, तोही मे महिन्यात. मफलर काढल्यावर कानाच्या मागपर्यंत गेलेला वळ दिसला, जांभळा.

आता मात्र अमृतरावांनी त्याला सगळं सांगितलं. दयानंद हसला, मोबाइल मागून घेतला आणि स्वतःची फाशी स्वतः बघायला लागला. काटा हलला तसा त्याचा हात गळ्याकडे गेला. चेहरा तांबडा झाला, कपाळावर शिरा उठल्या. पुनमनं मोबाइल हिसकावून बंद केला, तेव्हा तो विहिरीतून वर आल्यासारखा धापा टाकत होता.

"माय, पुसून टाक ते. आत्ताच्या आत्ता."

"तुझ्याच जिवासाठी हाय रे बाबा."

"जीव जाऊन राहिलाय माझा त्यानं! पुस म्हणतो ना!"

कावेरीबाईंनी तो तुकडा पुसला. त्या संध्याकाळी दयानंद पोटभर जेवला, मान सहज वळवून दाखवली, मालिकेतल्या अधिकाऱ्याची नक्कल करून सगळ्यांना हसवलं. कावेरीबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला तो न्हाणीतून बाहेर आला, उंबऱ्यात थांबला, छातीवर हात ठेवला आणि कोसळला.

पंचशीला सिस्टर धावत आली. छाती दाबली, तोंडानं श्वास दिला, वीस मिनिटं घाम गाळला. मग बाजूला बसली. "गेले, आबा. नाडी न्हाई, काही न्हाई." पुनमनं त्याचे तळवे घासायला घेतले. अमृतराव घड्याळाकडे बघत होते. आपण बघतोय हेही त्यांना कळत नव्हतं.

"पुनम, तुझ्या मोबाइलात हाय ना ते?" कावेरीबाई ओरडल्या. कुणी हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी ओट्यावरचा मोबाइल उचलला, तुकडा लावला आणि डोळे फाडून बघायला लागल्या.

गोल पांढऱ्या खोलीत कैदी तरंगत होता. काटा हलला. आणि उंबऱ्यात पडलेल्या दयानंदनं घरघरत श्वास घेतला.

पंचशीला दोन पावलं मागं सरकली ती भिंतीला टेकेपर्यंत. काटा लालवर पोचायला सात मिनिटं लागली. पोचला तसा श्वास थांबला. कावेरीबाईंनी पुन्हा लावला.

६

लातूरच्या डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं. रिपोर्ट सगळे नॉर्मल. मेंदूचं काहीतरी असावं, घरी न्या, सेवा करा, म्हणाले. खाटेच्या पायथ्याशी मोबाइलमध्ये तोंड घालून बसलेल्या म्हातारीकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. हल्ली सगळेच तसे बसतात.

घरी आल्यावर पहारा लावावा लागला. गावात अखंड सप्ताह बसला की वीणा खाली टेकू देत नाहीत. दोन दोन तासांचे पहारे लावून माणसं ती गळ्यात घालून उभी राहतात. कावेरीबाईंनी तोच कायदा घरात आणला आणि वेळापत्रक अमृतरावांना करायला सांगितलं. त्यांनीही ते निमूट केलं. रकाने पाडले, नावं लिहिली. दोन ते चार अमृतराव, चार ते सहा पुनम.

मोबाइल नुसता चालू असून भागत नव्हतं. कुणीतरी बघत असावं लागे. नजर हटली की काटा लालकडे उडी मारायचा, आणि खाटेवरची छाती खाली बसायची. बघत राहिलं तर मात्र काटा जागचा हलत नसे. मोबाइल आता दिवसचे दिवस शून्य एकतीसवरच होता. चार्जर कायम लावलेला.

आणि बघायचं काय? पोटचं पोर दोराला लटकलेलं. पाय खाली ओढलेले, बोटं दोरात अडकवलेली, जीभ दातांत. ते मरत नव्हतं, एवढंच. मालिकेत नव्हत्या अशा गोष्टी आता दिसत होत्या. नाकातून आलेलं रक्त ओठावर सुकलं होतं. एके दिवशी दाढीचे खुंट दिसले.

पुनमनं मोबाइलचा आवाज पार बंद केला. तरी घरघर ऐकू येतच राहिली, कारण ती खाटेवरून येत होती.

शरणप्पा एक पहारा करून गेला. पुन्हा चौकातसुद्धा दिसला नाही.

पाचव्या दिवशी पुनम खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली. "आत्याबाई, दुखून राहिलंय हो त्यांना. जाऊ द्या आता. मी बायको असून म्हणते, जाऊ द्या."

"दुखू दे," कावेरीबाई म्हणाल्या. मोबाइलवरची नजर त्यांनी काढली नाही. "दुखतंय म्हंजी जीव हाय. मेलेल्याला काय दुखतंय?"

पुनमनं त्याच संध्याकाळी पिशवी भरली आणि माहेरी निघून गेली. मोबाइल तिनं तिथंच सोडला. अमृतरावांनी तिचं नाव वेळापत्रकातून खोडलं आणि चार ते सहाही आपल्याकडे घेतले.

७

नवव्या दिवशी दुपारी अमृतराव पहाऱ्याला बसले, तेव्हा कावेरीबाई भिंतीकडे तोंड करून गाढ झोपल्या होत्या. इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदाच अशा झोपल्या होत्या, अगदी निर्धास्त. बाहेर ऊन मी म्हणत होतं. पंखा फिरत होता.

अडीचच्या सुमाराला मोबाइलमधल्या कैद्यानं मान वळवली. दोर एवढा ताणलेला असताना मान वळत नसते. तरी त्यानं ती वळवली, सरळ अमृतरावांकडे बघितलं आणि ओठ हलवले. मोबाइलचा आवाज बंद होता. शब्द खाटेवरून आले, फाटके.

"आबा... सोडा."

अमृतरावांचा मुलावर फार जीव होता. तोंडानं ते कधी बोलले नव्हते. त्या पिढीतला बाप तसं बोलत नाही. आता म्हणाले, "हाव, बाळा. सोडतो."

ते उठले. मोबाइल डोळ्यांसमोर धरूनच देवघरातून गंगेचं पाणी आणलं, कुंडीतलं तुळशीचं पान तोडलं आणि दोन्ही दयानंदच्या ओठांत घातलं. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मग मोबाइल बंद केला, पार काळा होईपर्यंत बटण दाबून धरलं आणि स्वतःचे डोळे मिटून घेतले. आता एकदा घरघर थांबेल. मग आपण रडू. मग कावेरी उठेल आणि आपल्याला शिव्याशाप देईल. देऊ दे.

घरघर थांबली नाही.

त्यांनी वाट पाहिली. मांडीवरची छाती वर येत होती, खाली जात होती. दहा मिनिटं गेली असतील, वीसही असतील. बघणारं कुणी नव्हतं. मोबाइल मेलेला होता. मग हा जगतोय कशावर?

"बंद केला का?" मागून कावेरीबाईंचा आवाज आला. त्या उठून बसल्या होत्या. रागावलेल्या दिसत नव्हत्या. "करा खुशाल. आता त्याचं काम न्हाई."

"म्हंजी?"

"आपण दोघं म्हातारे, कवर पहारा देणार? काल पंचशीलाच्या पोरीकडून टाकून घेतलं समद्यायच्या मोबाइलवर. काय नाव टाकलं तिनं? हां, 'फाशीचा खरा व्हिडिओ'. सकाळी बघितलं तर नऊ लाख माणसं!" त्यांच्या सुरकुतलेल्या तोंडावर असं हसू होतं, जसं दयानंद पहिल्यांदा टीव्हीवर दिसला तेव्हा होतं. "आता कोनी झोपलं काय अन् उठलं काय. एकाचा डोळा मिटला तर दुसऱ्याचा उघडा हाय. माझ्या लेकराला आता मरण न्हाई बगा."

अमृतरावांनी मोबाइल पुन्हा चालू केला. पंचशीलाच्या पोरीनं टाकलेला तुकडा समोरच होता, शून्य एकतीसवर, आणि खालचा आकडा त्यांच्यादेखत वाढत होता. बारा लाख. त्याखाली लोकांनी लिहिलं होतं. काय ॲक्टिंग आहे राव. मी सहा वेळा बघितला. जीभ बघा जीभ. कुणीतरी हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली तोंडं ओळीनं टाकली होती. एकानं विचारलं होतं, पुढचा भाग कधी?

"हे पुसायचं कसं?" ते ओरडले. "कावेरी, हे पुसायचं कसं?"

"पुसाया आता ते आपलं कुठं राहिलंय?" कावेरीबाई म्हणाल्या. पदर सावरून उठल्या आणि दयानंदच्या कपाळावरचा घाम मायेनं टिपला. "च्या टाकते. तुमी बी घोटभर घ्या."

आत कप-बशांचा आवाज झाला. अमृतरावांनी खाली बघायचं धाडस केलं. तुळशीचं पान दातांत अडकलं होतं. दयानंदचे डोळे टक्क उघडे होते, त्यांच्यावरच रोखलेले, आणि त्यातून पाणी कानांपर्यंत ओघळलं होतं. आईचं सगळं बोलणं त्यानं ऐकलं होतं.